गर्भिणीचे अस्वस्थ पाय



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकता, राज्यकारभारावरची टीका ऐकता, संतवाङ्मयाची चर्चा ऐकता. त्या मानाने माझा आजचा विषय अगदीच घरगुती वाटेल. गरोदर बाईचे पाय रात्री स्वस्थ राहत नाहीत. ती उठते, घरभर फेऱ्या घालते, पुन्हा आडवी होते, पुन्हा उठते. हाच तो विषय. आजची संध्याकाळ आपली नव्हे असे पुरुषश्रोत्यांपैकी कोणास वाटत असेल तर त्यांनी कृपा करून बसून राहावे. रात्री दोन वाजता "काय चाललंय तुझं? झोप की आता!" असे म्हणणारा आवाज बहुधा त्यांचाच असतो.

हा त्रास कसा असतो ते आधी नीट सांगते. दिवस कामात जातो, तोवर काही नसते. रात्रीची झाकपाक करून बाई अंथरुणाला पाठ टेकते, आणि पोटऱ्यांच्या आत कोठेतरी खोल काहीतरी वळवळू लागते. दुखते असेच काही नाही. खाज म्हणावी तर खाजवून जात नाही. पाय हलवावाच अशी अनावर ओढ लागते. हलविला की बरे वाटते, थांबविला की पुन्हा सुरू. बसून किंवा पडून राहिल्याने वाढणे, चालल्याने (चालत असेतोवर तरी) शमणे, आणि संध्याकाळनंतर जोर धरणे, या तिन्ही गोष्टी त्या ओढीबरोबर असल्या आणि दुसरे कारण दिसत नसले, की निदान झाले. हा विकार आहे असे सिद्ध करणारी रक्ताची तपासणी नाही, क्ष-किरणातही काही दिसत नाही. बाई जे सांगेल तोच पुरावा.

आणि येथेच घोडे अडते, कारण आपल्या बोलण्यात या त्रासाला रूढ असे नावच नाही. बाई म्हणते, "पाय दुखतात," आणि डॉक्टर कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देतात. "मुंग्या येतात," म्हणाली तर पाय अवघडला असेल असे वाटते. "गोळे येतात," म्हणाली तर पेटके समजले जातात. गरोदरपणात पेटकेही येतात हे खरे. परंतु पेटका आला की पोटरी दगडासारखी घट्ट होते, जीव जाईल अशी कळ येते, पाऊल वर ओढून धरले की थोड्या वेळात सुटते. आपण बोलतो आहोत त्या त्रासात पोटरी मऊच असते. शेवटी बिचारी म्हणते, "पायांत कसंतरीच होतं हो." या "कसंतरीच"वर औषध कोण देणार? म्हणून माझी विनंती अशी की, दवाखान्यात गेल्यावर पायाला काय होते हे सांगण्याची धडपड करू नका. "झोपले की पाय हलवावेसे वाटतात, हलवले की बरं वाटतं, रात्री जास्त होतं," एवढे एकच वाक्य सांगा. ते पुरते.

हे काही नवे खूळ नव्हे. लंडनमधील थॉमस विलिस या वैद्याने १६७२ साली, म्हणजे शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षे आधी, अंथरुणात पडताच हातपाय स्वस्थ न राहणाऱ्या रोग्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. पुढे १९४५ मध्ये कार्ल-आक्सेल एकबोम या स्वीडिश डॉक्टराने या विकाराचा साद्यंत अभ्यास करून त्याला "अस्वस्थ पाय" या अर्थाचे नाव दिले. गर्भवतींत व रक्तक्षय झालेल्यांत तो अधिक आढळतो हे त्याच्या ध्यानात आले होते. १९५३ मध्ये त्याच देशातील नॉर्डलँडर याने अशा रोग्यांना शिरेतून लोह देऊन गुण येतो असे प्रसिद्ध केले. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र केल्या तर गर्भिणींपैकी साधारण पाचांत एकीला हा त्रास होतो, आणि शेवटच्या तीन महिन्यांत तो सर्वांत जास्त असतो. म्हणजे आपल्या आळीत पाच जणी गरोदर असतील तर त्यांतील एक आज रात्री जागी असण्याचा संभव आहे.

लोहाचा आणि पायांचा संबंध काय? मेंदूत डोपामिन नावाचे एक द्रव्य तयार होते. हालचालींचे नियंत्रण करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. ते तयार होण्यास लोह लागते. दुखणे पायांत जाणवते, पण त्याचे मूळ मेंदूत आणि मज्जातंतूंत आहे, असे आज मानले जाते. गर्भारपणातील संप्रेरकांचाही त्यात हात असावा. तो भाग अद्याप पुरता उलगडलेला नाही. लोहाचे मात्र पुष्कळ समजले आहे. एका गर्भारपणाला सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते: बाळासाठी, वारेसाठी, आईच्या वाढलेल्या रक्तासाठी, आणि बाळंतपणात जे रक्त जाते त्यासाठी. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आढळला. तेव्हा शिल्लक आधीच किती असते हे वेगळे सांगावयास नको.

यात एक मेख आहे. "माझं रक्त तर अकराच्या वर आहे," असे काही बायका सांगतात. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या डब्यातले पीठ. कणगीत धान्य किती उरले ते त्यावरून कळत नाही. ते फेरिटिन या तपासणीने कळते. पायांची ही तक्रार असेल तर हिमोग्लोबिन ठीक असले तरी फेरिटिन पाहावे का, असे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

दुसऱ्या तिमाहीपासून रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली गोळी १८० दिवस घ्यावी, असा सरकारी कार्यक्रम आहे. ती गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मिळते, पण पोटात जातेच असे नाही. शौचास काळी होते म्हणून कोणी भिते, बद्धकोष्ठ होते म्हणून कोणी सोडते, आणि कोणी ती चहाबरोबर घेते. चहाबरोबर घेतलेल्या लोहाचा बराच भाग वाया जातो. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेऊ नये. दोन तास आधी किंवा नंतर, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. काळा रंग निरुपद्रवी आहे. गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगावे; शिरेतून लोह देण्याची सोय पहिल्या तीन महिन्यांनंतर रुग्णालयात होऊ शकते. पालेभाजी, कडधान्ये, मासे, मटण हे सर्व चांगलेच. पण रिती झालेली कणगी नुसत्या पालेभाजीने चार महिन्यांत भरेल अशी आशा धरू नये.

आता औषधांविषयी. झोप येत नाही म्हणून घरातील सर्दीची किंवा खाजेची गुंगी आणणारी गोळी घेण्याची चाल आहे. या जातीच्या पुष्कळ गोळ्यांनी पायांची वळवळ उलट वाढते. ओकारीवरील मेटोक्लोप्रामाइड, तसेच मनाच्या उदासीनतेवरील काही औषधे यांनीही ती वाढू शकते. म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना विचारून बदलता येतात का ते पाहावे. या विकारावरील खास औषधे गरोदरपणात सहसा देत नाहीत. दुपारनंतर चहा-कॉफी मात्र सोडून पाहावी. (हे सांगताना सभागृहात नाराजी पसरते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.)

रात्रीचे काय करावे? संध्याकाळी सावकाश फेरफटका, निजण्यापूर्वी पोटऱ्यांना ताण, कोमट पाण्याने पाय शेकणे, तेल चोळणे. तळपायांना काशाची वाटी घासण्याने काहींना आराम वाटतो, घासावी. फडके करकचून बांधणे मात्र नको, कारण गरोदरपणात पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका वाढलेला असतो. मन गुंतले की ही ओढ कमी जाणवते, म्हणून अंधारात छताकडे पाहत पडण्यापेक्षा उठून शब्दकोडे सोडवावे, विणकाम करावे. एस.टी.ने माहेरी जावयाचे असेल तर कडेची जागा धरावी व गाडी थांबेल तेथे उतरून चार पावले टाकावीत. डोहाळजेवणात पाटावर तासभर बसविण्यापेक्षा झोपाळा बरा. पायाने रेटा देता येतो.

खरे औषध मात्र घरच्यांच्या हाती आहे. हा त्रास पहाटेकडे ओसरतो, आणि नेमकी तेव्हाच बाईला झोप लागते. त्याच वेळी पाण्याचा नळ येतो आणि घरातून हाक येते. माझ्याकडे एक सून आली होती, आठवा महिना. सोबत सासूबाई. बसल्या बसल्या पाय हलविले की लक्ष्मी जाते, असे त्या तिला रोज सांगत असत. मी सुनेला प्रश्न विचारीत होते, आणि उत्तरे सासूबाईंच्या चेहऱ्यावर उमटत होती. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "दोन्ही बाळंतपणांत मी ओट्याशी उभी राहून रात्र काढलीय. सांगणार कुणाला?" त्यानंतर त्या घरचे सकाळचे पाणी मुलगा भरू लागला.

हा विकार पुष्कळदा रक्ताच्या नात्यात असतो. सासूबाईंचा अनुभव सुनेकडे वारशाने येत नाही, तेव्हा आपल्या आईला विचारावे; तिलाही बहुधा आजवर कोणी विचारलेले नसते.

एक गोष्ट अंगावर काढू नये. एकच पाय सुजला, गरम लागला, दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तो हा विकार नव्हे.

बाळंतपणानंतर बहुतेकींचे पाय काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, शांत होतात. पुढच्या खेपेस त्रास परत येण्याचा संभव असतो, आणि काहींना उतारवयात तो पुन्हा भेटतो. म्हणून दीड महिन्याने बाळाला घेऊन दाखवावयास जाल तेव्हा बाळाच्या वजनाबरोबर आपल्या पायांचेही सांगावे. वळवळ उरली असेल, किंवा बाळंतपणात रक्त फार गेले असेल, तर लोहाची तपासणी पुन्हा करून घ्यावी, आणि दुसऱ्या मुलाचा विचार होण्यापूर्वी कणगी भरून घ्यावी.