सांभाळाची अट कागदावर

मैत्रिणींनो, म्हाताऱ्या आईवडिलांचा विषय निघाला की आपण सगळ्या सुनेकडं बोट दाखवतो. पण २००७ चा पोटगीचा कायदा मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांना जबाबदार धरतो. सुनेचं नाव त्यात नाही. भाकरी मात्र तीच थापते!

आम्हाला मोलाचं वाटतं ते कलम २३. मुलाच्या नावे शेत बक्षीसपत्रानं करताना 'सांभाळ करील' ही अट त्यातच लिहून घ्यावी. पुढं मुलानं हात वर केले, तर प्रांतसाहेबांकडच्या न्यायाधिकरणात ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट नुसती तोंडी असली, तर ती सिद्ध करता करता दमछाक होते. अंगठा उठवण्याआधी आईला कागद पूर्ण वाचून दाखवा.

पोटगीचा अर्जही तिथंच. आईला जाणं झेपत नसेल, तर तिनं सांगितलेला माणूस तो करू शकतो.