लहान हिरवळीची कापणी : साधन कोणते निवडावे?

घरापुढील अंगणात, शाळेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या आवारात लहानशी हिरवळ लावणे सोपे असते. ती राखणे मात्र तितके सोपे नाही. मृगाचा पाऊस पडला की हरळी जोमाने वाढू लागते आणि दुर्लक्ष झाल्यास श्रावणापर्यंत तिचे रान माजते. अशा गवतात विंचूकाटा, फुरसे अथवा घोणस दृष्टीस पडत नाही, आणि तेथे मुले अनवाणी खेळत असतात. मग घाईघाईने एखादे मोठे यंत्र विकत आणले जाते. एका हंगामानंतर ते कोपऱ्यात गंजत पडते व हिरवळ पुन्हा पूर्ववत वाढते. हा खर्च व हा धोका टाळावयाचा असेल तर साधनाची निवड विचारपूर्वक केली पाहिजे.

प्रथम क्षेत्र मोजावे

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा; अर्थात सुमारे १० मीटर चौरस. ३० सेंटिमीटर रुंदीची कापणी करणारे यंत्र घेतले आणि प्रत्येक ओळ मागील ओळीवर थोडी चढवून २५ सेंटिमीटरचा हिशेब धरला, तर अशा जागेत ४० ओळी होतात. एकूण चाल केवळ ४०० मीटरची भरते. वळणे धरूनही हे काम अर्ध्या तासाच्या आत उरकते. एवढ्याशा कामासाठी इंजिनाची आवश्यकता नसते, हे या हिशेबावरून स्पष्ट होईल.

विळा व कात्री

पाव गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यास विळा व लांब पात्यांची कात्री पुरेशी आहे. विळा प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असतोच, आणि कापलेले गवत स्वच्छ निघून जनावरांच्या उपयोगी पडते. परंतु विळ्याने हिरवळ एकसारख्या उंचीची राहत नाही व बसून काम करावे लागल्याने श्रम अधिक होतात. झाडांची आळी, भिंतीच्या कडा व पायवाटा यांसाठी मात्र यंत्र असले तरी ही साधने लागतातच.

हाताने ढकलण्याचे यंत्र

इंग्लंडमधील एडविन बडिंग याने १८३० साली असे पहिले यंत्र तयार केले. कापडावरील लव कातरण्याच्या यंत्रावरून त्यास ही कल्पना सुचली. चाकांबरोबर फिरणारी पाती खालच्या स्थिर पात्यावर घासून गवत कात्रीप्रमाणे कापतात. यास इंधन लागत नाही, आवाज होत नाही व दुरुस्ती थोडी असते. पाव ते दोन गुंठ्यांच्या सपाट जागेस हेच यंत्र सर्वांत सोयीचे होय. मात्र उंच वाढलेले किंवा ओले गवत त्याने नीट कापले जात नाही आणि खडा अडकल्यास पात्याची धार जाते. म्हणून कापणीपूर्वी खडे वेचावेत व नंतर पाती पुसून तेल लावावे.

विजेचे व पेट्रोलचे यंत्र

क्षेत्र मोठे असेल, अथवा ढकलण्याचे श्रम झेपत नसतील, तर ही यंत्रे उपयुक्त ठरतात. तारेच्या विजेवर चालणारे यंत्र ओल्या गवतावर कदापि चालवू नये. बॅटरीच्या यंत्रात तारेचा धोका नसतो. वेगाने फिरणाऱ्या पात्यामुळे खडे दूरवर उडतात. यास्तव मुलांना दूर ठेवावे आणि पायांत बूट घालावेत. वर्षातून एकदोनदाच माजलेले गवत काढावयाचे असेल, तर यंत्र विकत न घेता भाड्याने आणणे श्रेयस्कर.

कापणी केव्हा व किती

एका वेळी गवताच्या उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. हरळी ३ सेंटिमीटरवर राखावयाची असल्यास ती साडेचार सेंटिमीटर होताच कापावी. पावसाळ्यात यासाठी साधारणतः दर आठवड्यास कापणी लागते. थंडीत वाढ मंदावते व अंतर वाढविता येते. उन्हाळ्यात गवत किंचित उंच राखावे, म्हणजे मुळांशी ओल टिकते. गवत फार वाढलेच असेल तर प्रथम विळ्याने उंची कमी करावी व काही दिवसांनी यंत्र फिरवावे.

कापलेले बारीक गवत जागेवरच पसरू द्यावे. ते कुजून नत्र जमिनीस परत मिळते. ढीग साचल्यास तो कंपोस्ट खड्ड्यात टाकावा. औषध फवारलेल्या हिरवळीचे गवत जनावरांना घालू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेस अथवा पंचायतीस सल्ला देताना यंत्राच्या किमतीपूर्वी एक प्रश्न विचारावा : दर आठवड्यास ही कापणी कोण करणार? त्या व्यक्तीला झेपेल तेच साधन योग्य. आणि असे कोणी नसेल, तर हिरवळीचे क्षेत्र कमी करून उरलेल्या जागी सावलीची झाडे लावणे अधिक हिताचे ठरेल.