विश्लेषण: तिशी-चाळिशीत दहावी कशी देता येते? १७ नंबर फॉर्म की 'एनआयओएस'?

दहावीचा निकाल लागला की एक बातमी हमखास येते: आई आणि मुलगा एकाच वर्षी पास. फोटो व्हायरल होतो, कौतुक होतं. त्या आईने फॉर्म कुठून भरला, कागदपत्रं कोणती लागली, हे मात्र बातमीत सहसा नसतं. ज्यांची शाळा अर्धवट सुटली आहे त्यांना खरी गरज याच माहितीची असते.

दहावी नसल्याने नक्की काय अडतं?

नोकरी तर अडतेच. बहुतेक सरकारी भरतीत दहावी ही पहिली पायरी आहे आणि आयटीआयच्या अनेक ट्रेडनाही ती लागते. पासपोर्टचा मुद्दा फारसा कुणी सांगत नाही. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' ही नोंद येते. अशा व्यक्तीला कामासाठी आखाती देशांत जायचं असेल तर आधी सरकारची वेगळी परवानगी काढावी लागते. दहावीचं प्रमाणपत्र दिलं की ही अट लागत नाही. कोकणातून दुबई, कुवेत, कतारला कामासाठी जाणाऱ्यांना या एका शिक्क्याचं मोल वेगळं सांगायला नको.

१७ नंबर फॉर्म म्हणजे काय?

शाळेत न जाता राज्य मंडळाची परीक्षा देणाऱ्यांचा हा नोंदणी अर्ज. दहावीसाठी किमान पाचवी उत्तीर्ण आणि १४ वर्षं पूर्ण असावी लागतात. वयाला वरची मर्यादा नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा याच केंद्रामार्फत होतात. प्रश्नपत्रिका नियमित विद्यार्थ्यांचीच असते, पास होण्यासाठी ३५ टक्के गुण लागतात आणि मंडळही तेच. '१७ नंबरवाल्यांचं सर्टिफिकेट कमी दर्जाचं' हा समज चुकीचा आहे.

गोची वेळापत्रकात आहे. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, पण नोंदणी साधारणपणे आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातच सुरू होते. दिवाळीनंतर चौकशीला गेलेल्यांना अनेकदा विलंब शुल्क भरावं लागतं, नाहीतर थेट पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.

मग एनआयओएस कुणासाठी?

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, ही १९८९ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था. नोकरी करणाऱ्यांना आणि घर सांभाळणाऱ्यांना हा मार्ग जास्त सोयीचा आहे, हे मान्य करायला हवं. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात. सगळे विषय एका दमात देण्याची सक्ती नाही. या सत्रात दोन, पुढच्या सत्रात तीन असंही करता येतं. उत्तीर्णतेसाठी ३३ टक्के पुरतात. दहावीला मराठी माध्यमही आहे. आधी मान्यताप्राप्त मंडळाची दहावी देऊन काही विषयांत पास झाला असाल, तर दोन विषयांपर्यंतचे गुण इथे वळते करता येतात.

आणि ज्या विषयाने अनेकांची शाळा सोडवली, तो गणित इथे सक्तीचा नाही. पाच विषय निवडायचे, त्यात किमान एक भाषा. गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एन्ट्री असे पर्याय आहेत. पण पुढे पॉलिटेक्निक किंवा तांत्रिक ट्रेडला जायचं असेल तर गणित आणि विज्ञान लागणार. त्यामुळे विषय ठरवण्याआधी पुढचा प्रवेश किंवा भरतीची जाहिरात वाचा.

एक विषय राहिला तर काय होतं, याचं मोठं उदाहरण हरियाणात आहे. माजी मुख्यमंत्री ओमप्रकाश चौताला यांनी तिहार तुरुंगात असताना २०१७ मध्ये एनआयओएसची दहावी दिली, पण इंग्रजीचा पेपर राहून गेला. पुढे त्यांनी हरियाणा मंडळातून बारावी दिली, तर २०२१ मध्ये तो निकाल दहावीच्या इंग्रजीपायी अडकला. शेवटी वयाच्या ८६व्या वर्षी ते सिरसा इथे दहावीच्या इंग्रजीच्या पेपरला बसले आणि त्यांनी ८८ गुण मिळवले.

फसगत कुठे होते?

'परीक्षा न देता दहावी, आठवड्यात सर्टिफिकेट' अशा जाहिराती फेसबुकवर सर्रास दिसतात. असं कायदेशीरपणे कुठेच होत नाही. देशात बनावट मंडळंही आहेत. त्यांची नावं आणि लोगो इतके अस्सल वाटतात की पैसे भरल्यावर, कधी तर नोकरीच्या पडताळणीतच, भांडं फुटतं. पैसे देण्याआधी ते मंडळ 'कोब्से' या शालेय मंडळांच्या परिषदेच्या यादीत आहे का, ते पाहा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या 'पूर्वतयारी' अभ्यासक्रमाबद्दलही गोंधळ आहे. तो अभ्यासक्रम खरा आहे, पण त्याचं प्रमाणपत्र दहावी-बारावीच्या जागी चालत नाही.

कागदपत्रांची जुळवाजुळव

अभ्यासापेक्षा अनेकांचा वेळ इथेच जातो. १७ नंबर फॉर्मसाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो हरवला असेल तर जुन्या शाळेतून दुय्यम प्रत घ्या आणि सोबत प्रतिज्ञापत्र द्या. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जुनी नोंद असते, त्यामुळे २५-३० वर्षांनंतरही प्रत मिळू शकते. शाळा बंद पडली असेल तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांच्या दाखल्यावर माहेरचं आणि आधारवर सासरचं नाव असतं. तिथे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल जोडावा लागू शकतो. ही कामं फॉर्म सुटायच्या आधीच उरकलेली बरी. शेवटच्या आठवड्यात शाळेचे लिपिक सुट्टीवर असतात, असा अनेकांचा अनुभव आहे.