कोणती संख्या चालणार नाही?

‘फलनाचा प्रांत काढा’, म्हणजे त्यात कोणकोणत्या संख्या घालता येतात ते सांगा, असं म्हटलं की बरीच मुलं थेट आकडेमोडीला बसतात. आधी खरं तर अडचणी हुडकायच्या असतात: कोणती संख्या घातली की गाडं अडतं? वास्तव संख्यांच्या जगात शाळेत भेटणारे अडथळे मोजकेच. छेदात शून्य, वर्गमुळाखाली ऋण संख्या, लॉगॅरिदममध्ये शून्य किंवा ऋण संख्या.

√(क्ष − 2) ÷ (क्ष − 5) घ्या. वर्गमुळामुळे क्ष किमान 2 हवा, छेदामुळे 5 बाद. झाला प्रांत.

खरी फसगत (क्ष² − 9) ÷ (क्ष − 3) इथे होते. अवयव पाडले, काट मारली, क्ष + 3 उरलं. मग 3 चालायला काय हरकत? हरकत आहे. प्रांत काट मारण्याआधीच ठरतो. आलेख सरळ रेषेचाच येतो, पण (3, 6) हा एकच बिंदू त्यातून गळालेला असतो. भिंग लावलं तरी ते भोक दिसायचं नाही!

तिथे 3 घातला की शून्य भागिले शून्य येतं. त्याचं उत्तर शून्य, असं ब्रह्मगुप्तांनी 628 साली मांडलं. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हणून अनंत मानलं. आजचं गणित छेद शून्य करणाऱ्या संख्येला प्रांतात घेतच नाही. मला हे जास्त सरळ वाटतं.

कधी अडथळा सूत्राबाहेर असतो. 20 मीटरवरून सोडलेल्या दगडाची ट सेकंदांनंतरची उंची साधारण 20 − 5ट² मीटर. ट = 3 घातला तर उत्तर उणे 25, म्हणजे दगड जमिनीच्या पोटात! प्रत्यक्षात तो 2 सेकंदांतच खाली आपटतो, म्हणून इथला प्रांत 0 ते 2. सूत्रात हे कुठेच लिहिलेलं नसतं.