बाण घेताना आकडा बघा

मुलींच्या सरावासाठी आमच्या गटाने कार्बनचे बाण घेतले. दुकानदार म्हणाला, "एकदम कडक आहेत," आणि आम्ही भुललो. धनुष्यं मात्र साधी, लाकडी, जेमतेम 25 पौंड ताणाची. मग काय, प्रत्येक बाण डावीकडे! आम्ही उगीच मुलींनाच बोल लावला.

लाकडी धनुष्यात बाण मुठीच्या कडेने जातो. सुटताना तो जरा लवतो आणि मुठीला वळसा घालून सरळ होतो. फार ताठ काडी लवत नाही, म्हणून उजव्या हाताने ओढणारीचा बाण डावीकडे जातो. काडी किती लवते ते तिच्यावरचा आकडा सांगतो. 28 इंच अंतरावर दोन्हीकडे टेकवलेल्या काडीला मधोमध सुमारे 880 ग्रॅम वजन टांगायचं. अर्धा इंच वाकली तर आकडा 500. आकडा मोठा, तितकी काडी लवचिक. आमच्या काड्यांवर होता 340. हवा होता त्याच्या दुपटीहून मोठा.

आता आम्ही आधी दोनच बाण घेतो, तेही लांब ठेवून. लांब काडी जास्त लवते, कापून ताठ करता येते. कापलेली वाढत नाही.

आणि हो, दरवेळी मारण्याआधी काडी हलकेच वाकवून कानाशी धरा. करकर वाजली किंवा तडा दिसला, तर मोडूनच टाका. असा बाण सुटताना फुटला, की ढलप्या थेट हातात घुसतात.