भडकल दरवाजा ते बुद्धलेणी : लेकराबाळांसह एक पायी सहल

सहल म्हटली की आपल्या घरात पहिला प्रश्न येतो तो पैशाचा आणि दुसरा सुट्टीचा. वर्षातून एकदा दीक्षाभूमी, जमले तर सहा डिसेंबरला चैत्यभूमी आणि बाकी सोयऱ्याधायऱ्यांची लग्ने, एवढाच आपल्या बहुतेक कष्टकरी कुटुंबांचा प्रवास. एखादे जुने शहर नुसते पाहण्यासाठी, पायी हिंडत समजून घेण्यासाठी जावे, हा विचार आपल्याला चैनीचा वाटतो. परंतु समाजबांधवहो, ही चैन नव्हे. हा लढून मिळवलेला हक्क आहे.

सन १९३४ ची गोष्ट आहे. परमपूज्य बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने सर्वांचे अंग माखलेले. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेले तळे होते. काहींनी तेथे हातपाय धुतले. तोच एक वृद्ध गृहस्थ ‘तळे बाटवले’ म्हणून ओरडत आला आणि जमाव जमला. अस्पृश्यतेचे विष धर्माच्या भिंती ओलांडून दुसऱ्या समाजातही कसे शिरले होते, ते त्या दिवशी दिसले. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली. अट एकच, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला गेला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

परदेशांत उच्च पदव्या मिळवलेल्या माणसाची सहल अशी झाली, तेथे आपल्या आजा-पणजांचे काय झाले असेल? म्हणूनच आम्ही पुसदच्या काही कुटुंबांनी ठरवले की, त्याच परिसरातले ऐतिहासिक शहर लेकराबाळांना पायी दाखवायचे. ते शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर, २०२३ पर्यंतचे औरंगाबाद.

युरोपात अशा पायी सहलींची मोठी प्रथा आहे. स्पेनमधील तोलेदो या जुन्या शहरात माहीतगार मार्गदर्शक पुढे आणि मागे प्रवासी, असे घोळके चाललेले असतात. तेथे यहुदी लोकांचे चौदाव्या शतकातले एक प्रार्थनास्थळ आहे. १४९२ मध्ये राजाज्ञेने यहुद्यांना देशाबाहेर काढले गेले आणि त्यांच्या प्रार्थनास्थळाचे चर्च झाले. आज तेथे त्याच यहुद्यांच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. माणसे हाकलली तरी दगड साक्ष देतात. मात्र ती साक्ष वाचून दाखवणारा कोणी तरी लागतो.

आम्हाला असे वाचून दाखवणारे भेटले. मिलिंद महाविद्यालयात शिकलेले एक निवृत्त शिक्षक आमच्यासाठी सकाळीच भडकल दरवाज्यापाशी येऊन उभे होते. सर्वजण त्यांना गुरुजी म्हणू लागलो.

गुलामाने वसवलेले शहर

भडकल दरवाज्याजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करून आम्ही सुरुवात केली. एवढी उंच कमान पाहून आमच्या सोबतच्या एका आजींनी विचारले, “काहो गुरुजी, एवढ्या मोठ्या दरवाज्यातून आपल्या लोकायले जाऊ देत होते काय?”

गुरुजी हसले. म्हणाले, “आजी, हा दरवाजा बांधणारा स्वतः एके काळी बाजारात विकला गेला होता.”

मुले एकदम जवळ सरकली. मग मलिक अंबरची कथा सुरू झाली. आफ्रिकेतील इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहात फिरत दख्खनमध्ये पोहोचला. कर्तृत्वाच्या बळावर तो अहमदनगरच्या निजामशाहीचा मुख्य कारभारी झाला. बलाढ्य मोगल फौजांना त्याने गनिमी काव्याने जेरीस आणले. १६१० मध्ये त्याने खडकी या गावी नवे शहर वसवले आणि मोगलांवरील विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये हा दरवाजा उभारला. १६२६ मध्ये तो वारला. पुढे १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना शहराचे नाव बदलले. ‘बावन्न दरवाज्यांचे शहर’ ही ख्याती सर्वांना ठाऊक असते, पण त्याचा पाया एका गुलामाने घातला, हे किती पाठ्यपुस्तकांतून ठळकपणे सांगितले जाते?

पाण्याची वाट

तेथून चालत आम्ही पाणचक्कीला गेलो. मलिक अंबरने डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणले होते. पाणचक्की त्याच्या नंतरची, अठराव्या शतकातली. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी खापराच्या नळांतून आणून उंचावरून हौदात सोडले आणि त्याच्या जोरावर पिठाची चक्की फिरवली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या वाटसरूंसाठी व फकिरांसाठी येथे दळण दळले जाई. वीज नाही, इंजिन नाही, केवळ पाण्याच्या दाबावर जाते फिरते! गिरणीत काम करणारे आमच्यातले एक बंधू बराच वेळ वाकून ते यंत्र पाहत राहिले.

मुलांनी हौदाच्या काठाशी वाकून पाण्याला हात लावला. कोणीही हटकले नाही. तेव्हा दौलताबादचा प्रसंग आम्ही त्यांना सांगितला. सहावीतल्या एका मुलीने ओला हात तसाच धरून विचारले, “पाणी कसं काय बाटते?” या प्रश्नाला शहाण्या माणसाजवळ उत्तर नाही आणि ज्यांच्याजवळ होते ते शहाणे नव्हते.

नागसेनवन

महमूद दरवाजा ओलांडून आम्ही नागसेनवनात आलो. ज्या परिसरात बाबासाहेबांना पाण्याला हात लावू दिला नाही, तेथेच सोळा वर्षांनी त्यांनी ज्ञानाचे तळे सर्वांसाठी खुले केले. १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. निजामी राजवटीत मराठवाड्यातल्या गरीब पोराने पदवीपर्यंत शिकायचे म्हणजे हैदराबादची वाट धरायची. ती वाट आपल्या लोकांना कोठून परवडणार?

महाविद्यालयाला नाव दिले मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. राजा मिलिंद प्रश्न विचारीत गेला आणि भिक्खू नागसेनांनी त्याला उत्तरे दिली. राजाने सत्तेचा अहंकार सोडून ज्ञानापुढे नमावे, हा त्या नावाचा अर्थ. येथील प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले. येथे शिकवणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी पुढे ‘अस्मितादर्श’ चालवून दलित साहित्याच्या कितीतरी लेखकांना पहिले व्यासपीठ दिले.

गुरुजींनी स्वतःची गोष्ट थोडक्यात सांगितली. खेड्यातून एक वळकटी आणि भाकरीचे गाठोडे घेऊन ते वसतिगृहात आले होते. “माझ्या घरात माझ्याआधी सही कोणाला येत नव्हती,” एवढेच ते म्हणाले.

नावाची किंमत

पुढे विद्यापीठाचे प्रवेशद्वार. दर १४ जानेवारीला जेथे लाखोंचा समाज माथा टेकवतो ते हेच. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँगमार्च निघाला, तेव्हा आपल्या विदर्भातली हजारो माणसे रस्त्यावर आली. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. सोळा वर्षे लागली.

आजींचे यजमान त्या लढ्यात तुरुंगात गेले होते. त्या कमानीखाली उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांच्या नातवाने विचारले, “आजी, फक्त नावासाठी एवढं?”

आजी म्हणाल्या, “बापू, शाळंत तुहं नाव कोणी चुकीचं लेहलं त तू रडत घरी येते. हे त आपल्या बापाचं नाव होतं.”

आम्ही सभांतून नामांतरावर पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. नातवाला पटेल असे उत्तर आजींनीच दिले.

मकबरा आणि लेणी

झाडाखाली शिदोऱ्या सोडल्या. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कांदा. दुपारी बीबीचा मकबरा पाहिला. औरंगजेबाची पत्नी दिलरासबानू हिची ही कबर, सतराव्या शतकातली. ताजमहालाची आठवण देणारी इमारत खरोखर देखणी आहे. दारावर अताउल्ला आणि हंसपत राय या बांधणाऱ्यांची नावे आहेत. दगड फोडणाऱ्यांची नावे मात्र कुठेच नाहीत.

शेवटी ऑटोरिक्षा करून डोंगरातल्या बुद्धलेण्यांकडे गेलो. खेदाची गोष्ट ही की, मकबऱ्यावर माणसांची रीघ लागलेली असते आणि एवढ्या जवळची ही लेणी पुष्कळजण पाहतच नाहीत. येथील चौथे लेणे चैत्यगृह असून सर्वांत जुने आहे. बाकीची बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातली. तिसऱ्या लेण्यात तथागतांसमोर गुडघे टेकून हात जोडलेले उपासक-उपासिका दगडात कोरलेले आहेत. त्यांची वस्त्रे, केशरचना, चेहऱ्यांवरचे भाव अगदी जिवंत. सातव्या लेण्यात आग, साप, हत्ती, सिंह, बुडते जहाज अशा आठ भयांनी घेरलेली माणसे अवलोकितेश्वराला हाक मारताना दिसतात. आपण नवस-सायास मानत नाही. पण भ्यालेल्या माणसाला आधार देते ती करुणा, हा त्या शिल्पाचा अर्थ आपल्याला घेता येतो. त्या शांत गाभाऱ्यात आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटले. तथागतांसमोर कोरलेल्या त्या उपासकांच्या शेजारी आमची पुसदची मंडळी हात जोडून बसली होती.

आपणही जा

मंडळींनो, या सहलीला फार पैसा लागत नाही. २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे तिकीट आहे. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. हिवाळ्यात जा, सकाळी लवकर चालायला लागा, पायात साधी चप्पल-बूट घाला आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा. वयस्कर मंडळींसाठी लेण्यांकडे ऑटोरिक्षाच बरी, कारण पुढे पायऱ्या चढाव्या लागतात. लेण्यांच्या भिंतींवर हात फिरवू नका आणि कोणी नाव कोरत असेल तर थांबवा.

आणखी एक करा. प्रत्येक मुलाच्या हाती वही द्या. परत आल्यावर विहारात रविवारी त्यांनाच उभे करा आणि सांगू द्या. आमच्याकडे तो कार्यक्रम झाला. पाणचक्कीवर प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने मलिक अंबर सांगितला आणि आजींच्या नातवाने नामांतर. आजवर आपला इतिहास दुसऱ्यांनी सांगितला, कधी अर्धा, कधी उलटा. आता आपल्या गावचा मार्गदर्शक आपल्याच विहारातून तयार झाला पाहिजे. पुढच्या वर्षी आम्ही जाऊ तेव्हा पुढे चालणारी ही मुले असतील आणि आम्ही त्यांच्या मागे.