इस्ट्रोजेनचा दुसरा दरवाजा

संप्रेरके शिकवताना आपण फळ्यावर दोन आकृत्या काढतो. इन्सुलिन पेशीपटलावरच थांबते आणि तिथल्या ग्राही प्रथिनामार्फत निरोप आत पाठवते. इस्ट्रोजेन मेदात विरघळणारे; ते पटल ओलांडून पेशीकेंद्रातल्या ग्राहीला जाऊन चिकटते आणि जनुके चालू किंवा बंद करते. हे चूक नाही, पण अपुरे आहे.

कसे, ते घड्याळ सांगते. जनुकापासून आरएनए आणि त्यापासून प्रथिन बनून परिणाम दिसायला बराच वेळ, बहुधा तासही लागतात. १९६७ साली अमेरिकेत क्लारा सेगो आणि त्यांच्या सहकाऱ्याने उंदरांच्या माद्यांना इस्ट्रोजेन टोचले. गर्भाशयातील सायक्लिक एएमपी हे निरोप्या रसायन अवघ्या १५ सेकंदांत वाढले! १९७७ मध्ये सेगो आणि पिएट्रास यांना गर्भाशयाच्या पेशींच्या बाहेरच्या पृष्ठभागावरही इस्ट्रोजेन चिकटताना आढळले. मग तिथला ग्राही कोणता?

१९९०च्या दशकात जीपीआर-३० नावाचे, पटलातून सात वेळा आरपार जाणारे प्रथिन सापडले होते. त्याचे संप्रेरक मात्र अज्ञात होते. २००० साली फिलार्डो यांच्या गटाने स्तनांच्या कर्करोगाच्या अशा पेशी घेतल्या, ज्यांत पेशीकेंद्रातले इस्ट्रोजेन-ग्राही नव्हतेच, पण जीपीआर-३० होते. त्यांनी इस्ट्रोजेनला झटपट प्रतिसाद दिला. जीपीआर-३० जवळजवळ नसलेल्या पेशी गप्प राहिल्या. त्यांत त्याचे जनुक घातल्यावर त्याही प्रतिसाद देऊ लागल्या. २००५ मध्ये दोन प्रयोगशाळांनी इस्ट्रोजेन त्याला चिकटते असे दाखवले. पुढे त्याचे नाव जीपीईआर झाले.

तरी वाद मिटलेला नाही. काही प्रयोगशाळांना हे चिकटणे आढळले नाही. हे प्रथिन नसलेल्या उंदरांना पिल्लेही होतात. शिवाय पेशीकेंद्रातल्या ग्राहीचेच काही रेणू मेदाम्ल जोडले जाऊन पटलापाशी वस्तीला येतात. त्यामुळे झटपट परिणामांचे श्रेय कोणाला किती, हा प्रश्न उरतोच.

प्रश्न केवळ पुस्तकी नाही. स्तनांच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन हे औषध स्तनांच्या पेशीकेंद्रातला ग्राही अडवते. पण पेशींवरील प्रयोगांत तेच जीपीईआरला चालना देते. एक दार लावताना दुसरे उघडत तर नाही ना, हे तपासणे म्हणूनच महत्त्वाचे.

पुढच्या वेळी त्या दोन आकृत्या काढाल तेव्हा हे १५ सेकंद वर्गाला सांगा आणि विचारा: आपल्या आकृतीत काय राहून गेले आहे?